मतदान सोपे, मोकळीक अवघड

देवगड तालुक्यातल्या मिठबावसारख्या किनारी गावात ग्रामपंचायत निवडणूक लागली की मुंबईचे चाकरमानीही मतदानाला येतात. प्रत्येकाच्या मताची किंमत सारखीच असते. पण उदारमतवादी लोकशाहीला एवढे पुरत नाही. तिथे बहुमत राज्य करते, मात्र एकट्या माणसाचे काही हक्क बहुमतालाही मोडता येत नाहीत. पहिली गोष्ट आपल्याला १९५२च्या निवडणुकीत मिळाली. दुसरीच्या वाटेत अडथळे आहेत, त्यांतले चार असे.

१. पोट दुसऱ्याच्या हातात

जमीन ज्याची, त्याच्यापुढे कूळ बोलणार कसे? आजचा सिंधुदुर्ग ज्याचा भाग होता त्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक गावांत सारावसुली खोताकडे असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कायदा झाला १९४९ मध्ये. कुळाला मताचा हक्क वापरण्याआधी जमिनीचा आधार लागतो, हे कोकणाने अनुभवले आहे.

२. गावकीचा धाक

सिंधुदुर्गात देवस्थान, मानपान आणि बारापाच मानकऱ्यांची गावऱ्हाटी आजही जिवंत आहे. तिने गाव एकत्र ठेवले, हे खरे. पण कोकणात काही ठिकाणी गावकीचे न ऐकणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या तक्रारीही झाल्या. म्हणून महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ मध्ये लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अडचण पुढे येते. तक्रार करणाऱ्याला त्याच गावात राहायचे असते. साक्षीदारही शेजारीच. त्यामुळे कायदा असूनही पोलीस ठाण्याची पायरी चढणे सोपे नसते.

३. ‘बिनविरोध’चे कौतुक

निवडणुकीत वैर नको म्हणून गाव बसून नावे ठरवते. खर्च वाचतो, भांडण टळते. पण बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याचेच नाव पुढे जाण्याचा धोका राहतो. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे तर पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये निवडणूक रद्द केली. ग्रामसभेचेही तसेच. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल तो आकडा पुरतो. तेवढेही जमले नाहीत, तर तहकूब सभेला ती अटच उरत नाही. मग निर्णय मूठभरांचा, नाव साऱ्या गावाचे.

४. शेवटचा शब्द कोणाचा?

हा पेच दिल्लीतही आहे, आणि त्यात कोकणाचे नाव आहे. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात दिला. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी त्याच वर्षी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक आणले. निवडून आलेल्यांवर त्यांचा विश्वास होता. १९७१ मध्ये ते गेले. १९७५ मध्ये निवडून आलेल्याच सरकारने आणीबाणी लादली आणि राजापूरचे पुढचे खासदार मधु दंडवते तुरुंगात गेले. त्याआधी १९७३ मध्ये केशवानंद खटल्यात न्यायालयाने मधला मार्ग काढला होता. संसदेने घटना बदलावी, तिची मूलभूत चौकट नव्हे. तो निकाल सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने आला. पुढे १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली.

मग करायचे काय?

जमीन, कायदा, न्यायालय ही कामे सरकारची. पण एकट्याला बोलू देण्याची सवय सरकार लावू शकत नाही. पुढच्या ग्रामसभेला जा. कोणी उठून हिशेब विचारला, तर तो आपल्या वाडीचा की दुसऱ्या, हे न बघता त्याचे बोलणे पुरे होऊ द्या.