दोष एकट्या निळ्या प्रकाशाचा नाही

मोबाइलचा निळा प्रकाश झोप उडवतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. या समजुतीला मोठे बळ दिले ते बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या एका प्रयोगाने. तिथे १२ निरोगी तरुण दोन आठवडे राहिले. पाच रात्री झोपण्याआधी चार तास त्यांनी टॅब्लेटवर वाचन केले, पाच रात्री मंद दिव्यात छापील पुस्तक वाचले. डिसेंबर २०१४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टॅब्लेटमुळे झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक निम्म्याहून अधिक घटले होते. त्या पाच रात्रींनंतरच्या रात्री ते सुमारे दीड तास उशिरा स्रवू लागले आणि सकाळी सुस्ती जाता जात नव्हती.

असे का होते? दृष्टिपटलात मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही मोजक्या पेशी असतात. दृश्य दाखवणे हे त्यांचे मुख्य काम नाही. बाहेर उजेड आहे की अंधार, हे त्या मेंदूतल्या जैविक घड्याळाला कळवतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने त्या सर्वाधिक उद्दीपित होतात. घड्याळाला वाटते अजून दिवस आहे, आणि ते पिनियल ग्रंथीला मेलाटोनिन सोडू देत नाही.

इथवर सारे पटते. पण याच प्रयोगातला एक आकडा फारसा सांगितला जात नाही. चार तास प्रखर पडद्यासमोर बसूनही झोप लागायला उशीर झाला तो जेमतेम दहा मिनिटांचा. मग आपल्या रात्रीचे तास-दीड तास जातात कुठे? बॉस्टनमध्ये ठीक दहा वाजता दिवे आणि टॅब्लेट दोन्ही बंद होत. आपल्या घरी ते बंद करणारे कोणी नसते. एक रील संपते तोच दुसरी सुरू होते, कुटुंबाच्या ग्रुपवर वाद रंगतो, साडेअकराला ऑफिसचा निरोप येतो. माझ्या मते खरी चोरी इथे होते. म्हणूनच पडद्याचा निळा प्रकाश कमी करणाऱ्या नाइट मोडवर विसंबू नये; २०२१मध्ये अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या अभ्यासात तो वापरणाऱ्यांची झोप काही सुधारलेली दिसली नाही.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा २०१६चा प्रयोग तर फारच बोलका आहे. दिवसा साडेसहा तास लख्ख उजेडात राहिलेल्या तरुणांनी संध्याकाळी दोन तास टॅब्लेटवर वाचले, तरी पुस्तक वाचण्याच्या तुलनेत मेलाटोनिनमध्ये किंवा झोपेत फरक पडला नाही. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो.

प्रौढांना रात्री किमान सात तास झोप हवी. ती वर्षानुवर्षे तुटत राहिली की मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तेव्हा सकाळी थोडा वेळ उघड्यावर चाला, गजरासाठी साधे घड्याळ आणा आणि चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर लावा. मुलांना सांगण्याआधी आईवडिलांनी आपला फोन तिथे ठेवावा.