मागचे स्पीकर गप्प का?

मीरा रोड-भाईंदरच्या फ्लॅटमध्ये हॉल लहान असला, तरी ५.१ होम थिएटर हौसेने बसवले जाते. मग मालिका लागते, आवाज पुढूनच येतो आणि मागचे दोन स्पीकर गप्प राहतात. ते बिघडले असा समज होतो. बहुतेकदा ते ठणठणीत असतात.

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) यांच्यासाठी सहा चॅनेल (ध्वनीचे स्वतंत्र प्रवाह). सोसायटीच्या टपालपेट्यांसारखेच हे आहे: पत्र ज्याच्या नावाचे, त्याच्याच पेटीत पडते. गाणी आणि टीव्हीचे बरेच कार्यक्रम स्टिरिओ, म्हणजे दोनच चॅनेलचे असतात. मागच्या पेटीसाठी पत्रच आलेले नसते.

कार्यक्रम ५.१ असूनही मागे शांतता असेल, तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेले आहे का, ते पाहावे. टीव्हीला रिसीव्हरशी (स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राशी) जोडणाऱ्या ऑप्टिकल केबलमधून पीसीएमचे दोनच चॅनेल जातात. तेथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ निवडावे. स्टिरिओ मागूनही ऐकायचे असेल, तर रिसीव्हरवर ‘प्रो लॉजिक’सारखा अपमिक्स (दोन चॅनेलांतून अधिक चॅनेल घडवणे) सुरू करावा. त्यात विभागणी अंदाजाने होते, मूळ ५.१ची सर त्याला येत नाही.

सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कानापेक्षा थोडे वर लावावेत. आणि दुरुस्तीला नेण्यापूर्वी रिसीव्हरमधला ‘टेस्ट टोन’ जरूर लावून पाहा: मागून सळसळ ऐकू आली, तर स्पीकर आणि वायर दोन्ही चालू आहेत.