अंगणातला हीटर अंगणातच

लेखमाला : रोजच्या वापरातली उपकरणं – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण गॅस गिझर पाहिला. आज न्हाणीघरातून अंगणात येऊ.

२०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, माळशेज करायला आलेला पाहुणा आता शेतावरच मुक्काम करतो, हुरडा खातो आणि रात्रीचं जेवण उघड्यावर मागतो. नारायणगाव आणि आळेफाट्याच्या मधल्या पिंपळवंडीसारख्या गावात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की या पाहुण्याचे दात वाजायला लागतात. मग मालकाला आठवतो तो मोठ्या हॉटेलांच्या हिरवळीवर, लग्नाच्या लॉनवर दिसणारा माणसाहून उंच, डोक्यावर पत्र्याची छत्री असलेला गॅस हीटर. घ्यावा का? घेतला तर कसा वापरावा?

किंमत, कंपनी, रंगरूप हे सगळं नंतर. आधी तो ठेवायची जागा खरोखर उघडी आहे का, ते बघायचं. या उपकरणाने माणसं मरतात ती बहुतेक वेळा आगीने नाही, तर उघड्यावरची वस्तू बंदिस्त जागेत नेल्यामुळे. २१ जानेवारी २०२० ला नेपाळमधल्या दमन इथल्या रिसॉर्टमध्ये केरळहून आलेले आठ पर्यटक दगावले. त्यांत चार लहान मुलं होती. थंडी फार म्हणून खोलीत गॅस हीटर लावून, दारं-खिडक्या बंद करून ती मंडळी झोपली होती. हीटरचा भडका उडाला नव्हता की सिलेंडर फुटला नव्हता. हवा कोंडली आणि कार्बन मोनॉक्साइड साठला, एवढंच झालं.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. दमलेल्या माणसाला ती झोपच वाटते. म्हणून धोक्याची जाणीव होऊन उठायची संधीच मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, आम्ही खोलीत कुठे लावतोय, पडवीत लावतोय. पडवीचंच गणित करू. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, आठ फूट उंच अशी पडवी धरा. चारी बाजूंचं मिळून क्षेत्रफळ होतं ४८० चौरस फूट. युरोपात या हीटरसाठी जो दंडक आहे, त्यानुसार बाजूंच्या एकूण क्षेत्रफळापैकी किमान २५ टक्के भाग कायम उघडा हवा, म्हणजे आपल्या पडवीत १२० चौरस फूट. पुढची लांब बाजू पूर्ण मोकळी असेल तर १६० चौरस फूट मिळतात, काम भागतं. पण रात्री दहा वाजता वारा सुटला, पाहुणे म्हणाले, “दादा, तेवढी ताडपत्री सोडा ना,” आणि तुम्ही ती सोडलीत, की उरतं एक दार : तीन बाय सात, एकवीस चौरस फूट. त्या क्षणी तुमची पडवी दमनची खोली झाली. माझं म्हणणं याहून कडक आहे. समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या नसतील तर गॅसचा हीटर तिथे लावूच नका. आणि ताडपत्री सोडायची वेळ आली तर आधी हीटर विझवायचा, हा नियम कामावरच्या पोरांनाही तोंडपाठ हवा.

कोळशाची शेगडी याहून वाईट. धुमसून झाल्यावर निखारे लाल दिसतात, धूर नसतो, म्हणून ती निर्धोक वाटते. प्रत्यक्षात तेच निखारे भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची रीत अजून काही घरांत पाळतात, तीही वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत. मायेपोटी केलं जातं, हे मान्य. तरी ते थांबलं पाहिजे. शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी आहे, बाहेर तापवून आणलेला कपडा आहे.

आता थंडी वाजते कशी, तेही बघू, कारण त्यावर निम्मा खर्च वाचतो. निरभ्र रात्री जमीन, पानं, आपलं अंग, सगळं आपली उष्णता आकाशाकडे फेकत असतं. निफाडकडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे विहिरीचं पाणी सोडतात, ते याच गारठ्याशी झुंजत. माणसाचंही तसंच. उघड्या आभाळाखाली बसलेल्याला जेवढं गार वाटतं, तेवढं दोन पावलं आत छपराखाली सरकल्यावर वाटत नाही. दुसरा चोर वारा. तेव्हा आधी टेबलं छपराखाली घ्या, वाऱ्याच्या एका बाजूला भिंत किंवा कुडाचा आडोसा करा, खुर्चीवर घोंगडी ठेवा. एवढं करूनही गारठा लागला तरच हीटरचा विचार करा.

छत्रीवाला गॅस हीटर हवा तापवण्यासाठी नसतोच. जाळीचा डबा तापून लाल होतो आणि त्यातून उष्णतेचे किरण बाहेर पडतात. वरची छत्री ते खाली वळवते. हे किरण ज्याच्या अंगावर पडतात त्याला ऊब लागते. बाकी गरम हवा वर निघून जाते. बारा-तेरा किलोवॅटचा हीटर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो गॅस खातो. म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर रोज चार तास चालवला तर पाच दिवसांत रिकामा. एक किलो गॅस जळताना सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या उधळपट्टीपायीच फ्रान्समधल्या रेन शहराने २०२० पासून कॅफेच्या अंगणातले हीटर बंद केले आणि मार्च २०२२ अखेर साऱ्या फ्रान्सने रस्त्यालगतच्या उघड्या जागांसाठी तोच नियम केला.

तरीही घ्यायचाच असेल तर दुकानात उभं राहून दोन गोष्टी तपासा. हीटर पेटवायला लावा आणि मग तो किंचित कलवा. गॅस आपोआप बंद झाला पाहिजे. दुसरी, ज्योत विझली की गॅसही थांबला पाहिजे. यासाठी आत थर्मोकपल असतं. पेटवताना बटण दाबून काही सेकंद धरावं लागतं, ते त्या थर्मोकपलला तापायला वेळ मिळावा म्हणून. दुकानदार “ही कटकट काढून देतो” म्हणाला तर त्या दुकानातून बाहेर पडा. तळाचा डबा वाळूने किंवा पाण्याने भरायचा असतो. तो रिकामा ठेवला तर वाऱ्याची एक झुळूक पुरते.

सिलेंडरबद्दल जरा सविस्तर. घरचा १४.२ किलोचा लाल सिलेंडर स्वयंपाकासाठी आहे. पाहुण्यांकडून पैसे घेता तिथे तो वापरणं बेकायदा आहे. रेग्युलेटरही घरच्या शेगडीचा चालत नाही, उपकरणावर दिलेल्या दाबाचा आणि क्षमतेचाच लागतो. नळी आयएसआय खुणेची घ्या, दर पाच वर्षांनी बदला, आणि उंदराने कुरतडलेली दिसली तर त्याच दिवशी बदला. जोडणी झाली की वाटीत साबणाचा फेस करून नळीच्या दोन्ही टोकांना बोटाने लावा. फेसात बारीक बुडबुडे उठून फुगत गेले तर गॅस गळतोय. काडी ओढून तपासणाऱ्याला तिथल्या तिथे रागवा.

थंडीच्या रात्री तासाला एक किलो गॅस ओढला की सिलेंडर बाहेरून घामेजतो, कधी त्यावर पांढरं हिमही धरतं. आतल्या द्रवाचा वायू होताना तो स्वतःच गार पडतो, दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी लोक सिलेंडर आडवा करतात, हलवतात, त्यावर कढत पाणी ओततात. आडव्या सिलेंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि हीटर भडकतो. ज्योत मंदावली तर हीटर बंद करा, सिलेंडर उभाच राहू द्या, लागला तर बदला. आणखी एक गोष्ट : हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खोलगट जागी साठतो. म्हणून विहिरीच्या काठाशी, जमिनीखालच्या हौदाजवळ, गटाराशेजारी हीटर किंवा जादा सिलेंडर ठेवू नका. गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे, तो भिंतीवर रंगवून टाका.

हीटरभोवती चारी बाजूंनी आणि वरही किमान एक मीटर काही नको, आणि उपकरणाच्या पुस्तिकेत जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळा. आपल्या भागात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हिरव्या शेडनेटची आणि पाचटाची. शेडनेट प्लास्टिकचं असतं. ते वितळून पेटते थेंब खाली पडतात. मांडवाच्या झालरींचंही तेच. ऊसतोड झालेल्या फडातलं पाचट आणि गोठ्याशेजारची कडब्याची गंज यांना तर ठिणगी पुरते. उसाच्या कडेला टेबल मांडूच नका. तालुक्यातला बिबट्या त्याच उसात राहतो, आणि हीटरच्या उजेडाला तो भितो असं समजून बसू नका.

आता विजेचा हीटर. माझं मत विचाराल तर छपराखालच्या चार-सहा माणसांसाठी हाच बरा. भिंतीवर सात-आठ फुटांवर टेबलाकडे झुकवून लावायचा किरणांचा हीटर दीड-दोन किलोवॅटचा येतो. दोन किलोवॅटचा पाच तास चालवला तर दहा युनिट. ना धूर, ना कार्बन मोनॉक्साइड, ना सिलेंडरची ओढाताण. पण तो जवळपास नऊ अँपियर ओढतो. मोबाइल चार्ज करायच्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावला तर बोर्डच वितळेल. १६ अँपियरचा जाड तीन पिनांचा सॉकेट, तांब्याची किमान अडीच स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, एवढं वायरमनकडून करून घ्या. पहाटे दव पडतं, म्हणून खोक्यावर आयपी अक्षरांपुढचा दुसरा आकडा बघा. तो पाण्यासाठी असतो आणि बाहेरच्या वापराला किमान चार हवा. वायर शेतीपंपाच्या जोडणीवरून ओढू नका. त्या विजेचा दर आणि हेतू वेगळा आहे, आणि रात्री ती असेलच याचा भरवसाही नाही.

ज्यांना मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली आहे अशा वडीलधाऱ्यांना कुठल्याही हीटरच्या अगदी पुढ्यात बसवू नका. भाजतंय हे त्यांना कळत नाही.

आणि शेकोटी? हुरड्याला आलेल्या पाहुण्याला खरी ओढ तिचीच असते. गोवऱ्या रचून पेटवलेली आगटी, तिच्या उबाऱ्यात खुपसलेली कणसं, चोळताना तळहाताला बसणारा चटका, हे कुठल्याही हीटरने मिळणार नाही. तेव्हा मोकळ्या आभाळाखाली शेकोटी जरूर करा, फक्त जागा मातीची, झाडलेली आणि गंजीपासून लांब हवी. भोवती रचायला कुकडीच्या पात्रातले गोटे आणू नका. पाणी मुरलेला गोटा तापला की फुटतो आणि कपच्या उडतात. बांधावरची कण्हेर जळणात घालू नका, तिचा धूर विषारी असतो. टायर, प्लास्टिक नको, आणि पेटत नाही म्हणून वरून रॉकेल-पेट्रोल ओतणं तर मुळीच नको. पाहुणे झोपायला गेले की राख पसरा, पाणी मारा, काठीने उलथून पुन्हा पाणी मारा आणि हात जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून एक बादली.

पुढच्या आठवड्यात : इन्व्हर्टरची बॅटरी.