कंबर धरलीय? मालिश, कपिंग की आणखी काही?

सकाळी पोळ्या, डबे, मुलांची बस. मग जुन्या रायपूरहून नवा रायपूरच्या मंत्रालयापर्यंत वीसेक किलोमीटर. दिवसभर खुर्ची आणि संध्याकाळी पुन्हा ओटा. तात्यापारा असो की चौबे कॉलनी, कुठल्याही मराठी घरात चाळिशीपुढची एखादी तरी ताई 'कंबर धरलीय गं' म्हणतेच. तुमचंही तसंच असेल, तर फिजिओथेरपीच्या दारात पाऊल टाकताच नव्या नावांची यादी समोर येते: मायोफेशियल रिलीज, एमईटी, ट्रिगर पॉइंट, कपिंग, टेपिंग. यातलं घ्यायचं काय?

या सगळ्यांना मिळून 'सॉफ्ट टिश्यू थेरपी' म्हणतात. म्हणजे हाडं सोडून भोवतालच्या मऊ भागावर, स्नायूंवर आणि त्यांच्या वेष्टनावर केलेले उपचार. कल्पना आपल्याला नवी नाही. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, बाळंतिणीला तेल चोळून शेक द्यायचा, हे आजीच्या काळापासून चालत आलंय. पायाळूचं सोडा, पण चोळण्या-शेकण्याने बरं वाटतं यात खोटं काही नाही.

मायोफेशियल रिलीज समजायला नागपुरी संत्रं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक फोडीवर पातळ पापुद्रा असतो, तसं स्नायूंवरही वेष्टन असतं. ते आखडलंय असं मानून थेरपिस्ट हाताने मंद, सलग दाब देतो. हे तेल लावून खसाखसा रगडण्यासारखं नसतं. एकाच जागी दोन-तीन मिनिटं हात ठेवलेला पाहून काहींना वाटतं, हे काय चाललंय?

ट्रिगर पॉइंटमध्ये स्नायूतली दुखरी गाठ शोधून तिच्यावर दाब देतात किंवा बारीक सुई टोचतात. ही पद्धत पुढे आणली जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टर बाईंनी. पाठदुखीने बेजार झालेले अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी त्यांचे रुग्ण होते. १९६१ मध्ये त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री.

मला स्वतःला यात एमईटी, म्हणजे मसल एनर्जी टेक्निक, जास्त आवडते, कारण तिच्यात तुम्ही नुसत्या पडून राहत नाही. थेरपिस्ट तुमचा पाय धरतो, तुम्ही त्याच्या हातावर हलकेच, पाच-सात सेकंद जोर लावता, मग सैल सोडता. सैल झालेला स्नायू तो थोडा आणखी ताणतो. असं तीन-चार वेळा. जोर अगदी कमी लागतो, म्हणून वयस्कर बायकांनाही सहसा झेपतं. मात्र आवड वेगळी आणि पुरावा वेगळा. २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात एमईटीवरचे १२ अभ्यास तपासले गेले. त्यात सगळे मिळून रुग्ण होते जेमतेम ५०० आणि अभ्यासांचा दर्जाही कच्चा. त्यातून ठाम निष्कर्ष निघाला नाही.

कपिंगने पाठीवर लाल चकत्या उठतात, फोटो छान येतो. रंगीत टेपने दुखणं उतरतं, याचा भक्कम पुरावा नाही.

मग एकमेकींशी तुलना केली तर? थोड्या दिवसांच्या आरामात फारसा फरक दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबाबत सूचना दिल्या. मसाज आणि सुयांना त्यांनी हातचं राखून हो म्हटलंय. कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाउंडचा शेक मात्र नेहमीसाठी सुचवलेला नाही. आपल्याकडे अनेक ठिकाणी पहिल्या दिवशी नेमकं हेच हाती पडतं!

म्हणून दहा सिटिंगचं पॅकेज घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: "घरी मी काय करायचं?" उत्तरात व्यायाम नसेल, तर पैसे जपून ठेवा. हाताने सैल केलेली कंबर सैल राहायची असेल, तर पोटाच्या आणि नितंबांच्या स्नायूंत बळ लागतं. सेतुबंधासन, मार्जारासन यांसारखे साधे प्रकार थेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या.

आणि चाला. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. नुकत्याच पाठदुखीतून उठलेल्या ७०१ जणांचा, त्यात ८० टक्क्यांहून जास्त बायका. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच नाही. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं ११२ दिवसांत परतलं, तर चालणाऱ्यांच्या गटाला तेवढं व्हायला २०८ दिवस लागले. नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते आणि सेंध तलावाचा परिसर याला फुकट उपलब्ध आहे. उन्हाळ्यात तेवढी पहाट गाठा.

काही जणींनी मात्र आधी डॉक्टरांकडेच जायचं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झाली असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर थेरपिस्टला हे सांगितल्याशिवाय जोराचा दाब घेऊ नका. दर पाळीला कंबर असह्य दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर मालिश थांबवून तपासून घ्या. आणि मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही. टाटीबंधचं एम्स असो की जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय, त्याच रात्री तातडीच्या विभागात जायचं.