खड्डा दिसतो पावसाळ्यात, पण सुरुवात होते उन्हाळ्यात. नागपूरच्या डांबरी रस्त्यांचे गणित समजून घ्या

नागपूर : मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. वर्षानुवर्षे असे ऊन खाऊन डांबर ठिसूळ होते, भेगा पडतात. जूनमध्ये त्यातून पाणी मुरते, चाकांच्या दाबाने खडी सुटते आणि दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतणारा खड्डा तयार होतो.

उपाय काय?

भेगा पावसाळ्यापूर्वीच डांबराने भरणे. पृष्ठभाग झिजला, पण खालचा थर पक्का असेल, तर डांबर इमल्शन व बारीक खडीचा पातळ थर देणे. कडेच्या नाल्या साफ ठेवणे.

मनपाचे जेटपॅचर पडलेला खड्डा बुजवते. भेग वेळीच भरली, तर ती वेळच येत नाही. ओल्या रस्त्यावर गरम डांबर नीट धरत नाही. खालचा थर खचला, की डागडुजी पुरत नाही, रस्ताच नव्याने करावा लागतो. म्हणून ही कामे मे संपण्याआधीच व्हायला हवीत.