नाव सांग, धंदा सांग

गळे कापी, नाही खुनी,
नाडी हाती, वैद्य म्हणेना कुणी.
गज दारी, माहूत नाही,
कळ्या जोडी, हार ना काही.
सगळ्यांना शिवे, राज्य न येई,
हाक मारली की हुकूमच होई.
नाव सांग, धंदा सांग,
नाहीतर कोंबडा हो, दे बांग!

हे कोडं माझ्या मामांनी रचलेलं आहे. मामा एसटीत कंडक्टर होते. बाजारच्या दिवशी कासार, बुरूड, घिसाडी, कुंभार आपापला बोजा घेऊन गाडीत चढायचे आणि भांडण असो की गप्पा, बोलायचे आपल्या धंद्याच्या भाषेत. ते शब्द मामांच्या कानात राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी त्यांची कोडी करायला घेतली. दिवाळीत घर भरलं की जेवणं उरकल्यावर एक कोडं सुटतं, म्हणजे मामा ते सोडतात आणि बाकीचे सोडवत बसतात. उत्तरात माणसाचा धंदा तर हवाच, पण त्याचं पाळण्यातलं नावही हवं. अर्धं उत्तर मामांना चालत नाही.

पहिल्या ओळीवर सगळे तुटून पडतात, तसंच याही वेळी झालं. मामांचा सातवीतला नातू म्हणाला, "खाटीक!" मावशी म्हणाली, "सावकार. गळे तोच कापतो." दोन्ही उत्तरं वाईट नव्हती, पण ती एका ओळीची उत्तरं होती. नाडीशी खाटकाचा संबंध नाही आणि कळ्यांशी सावकाराचा. अशा कोड्यात एकेक ओळ फितूर असते. ती एकटीच ऐकली तर भलत्याच घरी नेऊन सोडते.

मग नातवाने वही काढली आणि शब्दांखाली त्यांचे अर्थ लिहायला घेतले. खरं काम इथून सुरू झालं आणि मला पाहायला आवडतं तेही हेच. गळा : माणसाचा, गाणाऱ्याचा, कपड्याचा. नाडी : मनगटातली, लेंग्याची, ताडपत्रावरच्या भविष्याची. मामांनी भर घातली की जुन्या कालगणनेत नाडी म्हणजे घटका, चोवीस मिनिटं. गज : हत्ती, खिडकीचा गज, सारंगीचा गज. कळी : फुलाची, चुन्याची, लाडवाच्या बुंदीची. मामांची सून म्हणाली, "आणि भांडणाची. कळीचा नारद." तिला वाटलं आपण विनोद केला, पण नातवाने तोही लिहून घेतला.

शिवणे या शब्दाशी पोरं लगेच थांबली, कारण 'राज्य' हा शब्द त्यांच्या रोजच्या खेळातला आहे. शिवाशिवीत ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य. मावशी म्हणाली, "कावळाही शिवतो." सणासुदीला पिंडाचा कावळा कशाला, म्हणून तिला गप्प बसवलं. पण वहीत कावळा बसलाच.

या कोड्यांतला 'नाही' फार कामाचा असतो. वरवर पाहता तो दिशाभूल करतो, प्रत्यक्षात तोच वाट दाखवतो. 'वैद्य म्हणेना कुणी' म्हणजे मनगटातली नाडी खोडा. 'माहूत नाही' म्हणजे हत्ती खोडा. 'हार ना काही' म्हणजे फूल गेलं. 'राज्य न येई' म्हणजे खेळातलं शिवणं गेलं. कोडं घालणारा शब्दाचा एक अर्थ समोर नाचवतो आणि तोच अर्थ स्वतःच्या हाताने बाद करतो. त्यामुळे उरलेले अर्थ तेवढे तपासायचे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे, म्हणजे कोड्याचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यात 'वंचिता' नावाचा एक आहे : शब्दाचा रूढ अर्थ ऐकणाऱ्याला फसवतो, हवा असतो दुसराच. मामांनी दंडी वाचलेला नाही. बाजाराच्या गाडीतून तेही तिथेच पोचले, याचं मला नवल वाटत नाही. फसवायच्या युक्त्या तरी जगात किती असणार!

खोडाखोड झाल्यावर वहीत कपड्याचा गळा राहिला, लेंग्याची नाडी राहिली. सून म्हणाली, "सदऱ्यालाही कळ्या असतात की. बाजूला जोडतात त्या." शिवणे म्हणजे टाके घालणे हे मग सांगावं लागलं नाही. अडला तो गज. नातवाच्या मते तो खिडकीचाच. तेव्हा मावशीने हात लांब करून दाखवलं, कापडवाला लोखंडी पट्टीवर ताणून कापड मोजायचा ते. गज म्हणजे तीन फूट, छत्तीस इंच. 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर कापड मीटरवर गेलं आणि गज दुकानातून उठून खिडकीत जाऊन बसला.

मी मामांना विचारलं, "वार का नाही घातला? वार म्हणजेही तीन फूटच." मामा म्हणाले, "घातला होता आधी. वार मोजी, पंचांग नाही. पण नऊवारी साडी प्रत्येकाच्या कानात आहे. वार म्हटला की कापड आलंच, पुढे सोडवायचं काय?" मला हे पटलं. श्लेषाचा शब्द अर्धा विसरलेला हवा. पुरता माहीत असेल तर कोडं उघडं पडतं, पुरता मेलेला असेल तर ते कोडं न राहता कोशाची परीक्षा होते. गज आज नेमका त्या सीमेवर आहे. आणखी पंधरावीस वर्षांनी मामांच्या या ओळीला तळटीप लागेल.

शिंपी तर मिळाला. आता नाव. हाक मारली की हुकूम होतो असं नाव.

हे काम अगदी वेगळं होतं. धंदा शोधताना शब्द अखंड ठेवून त्याचे अर्थ पालटायचे होते; नाव शोधताना शब्दच फोडायचा होता. शाळेच्या व्याकरणात यांना अभंग श्लेष आणि सभंग श्लेष म्हणतात आणि मुलं त्या नावांना घाबरतात. घरात मात्र वहीचं पान उलटून सगळे नावं फोडायला बसले. मराठीत एकेरी आज्ञा म्हणजे नुसता धातू : कर, बस, दे, हर. मग नावांच्या शेवटी धातू शोधायचा. भास्कर, भास कर. सुधाकर, पण सुधा करायची कशी? मनोहर, हरायचा हुकूम. दिवाकरवर नातू हसून लोळला, "दिवा कर!" मामा म्हणाले, "तो जपून ठेव, पण शिंप्याला लागू नाही."

तेवढ्यात मावशी ठामपणे म्हणाली, "नामदेव." क्षणभर सगळ्यांना वाटलं, सुटलं. शिंपी म्हटल्यावर नामदेव आलेच आणि 'नाम दे' हा हुकूमही आहे. नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यातल्या आसा रागातल्या एका पदात त्यांनी मनालाच गज केलं आहे आणि जिभेला कात्री. म्हणजे मामांच्या कोड्यातला गज सातशे वर्षांपूर्वीच्या शिंप्याच्याही हातात होता. इतकं सगळं जुळत असताना मामांनी मान हलवली. "व उरतो, ताई. नाम दे, आणि व? त्याचं काय करायचं?" मावशी रागावली. पण नियम नियमच. फोडलेल्या नावातलं एकही अक्षर उरता कामा नये आणि हुकूम त्या माणसाच्या धंद्याचाच हवा.

नाव सुनेने ओळखलं. तिने नावांच्या यादीकडे पाहणं सोडलं आणि पुन्हा कोड्याकडे पाहिलं. शिंप्याला कोणता हुकूम द्यायचा? तो क्रियापदासकट पाचव्या ओळीत होताच. "शिव," ती म्हणाली, "कधी? सदा. सदाशिव!" नावातला देव बाजूला झाला आणि मागे राहिला दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला बिचारा शिंपी, ज्याला येणारी प्रत्येक बाई हाक मारते आणि ती हाकच त्याला सांगते की उठू नकोस, शिवत राहा. मी म्हटलं, "मामा, पण वयाच्या माणसाला लोक सदाशिवराव म्हणतील." मामा म्हणाले, "राव लावलं की हुकूम मोडला. मानाने बोलवा, म्हणजे त्याला सुट्टी."

मामांची रचण्याची रीत त्यानंतर कळली. ते नावापासून मागे येतात. धंद्याचे श्लेष ढीगभर मिळतात. सोनाराचेच बघा, मासे आहेत पण जाळं नाही, कारण बारा माशांचा तोळा होतो. पण सोनाराचं फुटणारं नाव मामांना अजून सापडलेलं नाही, म्हणून ते कोडं पडून आहे. नाव आधी, धंदा मग, ओळी शेवटी.

नातवाने हे ऐकलं आणि दिवाकर वहीच्या नव्या पानावर वर लिहिला. दिवा कर, म्हणजे कुंभार, हे त्याने कुणाला न विचारता ठरवलं. चाक आहे, गाडी नाही, ही ओळ लगेच झाली. "फार सोपी," मामा म्हणाले. मग, माठ विकी, भाजी नाही. यावर मावशी म्हणाली, "आणि वर्गात बसतो तो माठ?" त्यालाही एक ओळ मिळाली. घट करी, तोटा नाही, ही त्याची तिसरी ओळ मामांनी दोनदा म्हणून पाहिली आणि काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, "आवा कुठाय?" आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी हे पोराला ठाऊक नव्हतं. त्याने तो शब्द लिहून घेतला आणि यमकाला 'गावा', 'रावा', 'थवा' लावून बघू लागला. थवा मामांनी खोडला, यमक जुळत नाही म्हणून.