एका क्रूझरची कुळकथा

सह्याद्रीच्या कुशीतील शहापूर-मुरबाडचा युद्धनौकांशी संबंध काय, ही पृच्छा वाजवीच आहे. तथापि शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईच्या नळांना जाते आणि त्याच मुंबईच्या बंदरात ‘दिल्ली’ या क्रूझरची अर्ध्याहून अधिक हयात सरली, एवढे नाते डोळखांब-टोकावड्याच्या वाचकांना तिची हकिकत सांगण्यास मला पुरेसे वाटते.

बर्कनहेडच्या कॅमल लेअर्ड कारखान्यात १ सप्टेंबर १९३२ रोजी ‘अकिलीस’ या नावाने तिचे जलावतरण झाले. सुमारे सात हजार टन वजनाच्या आणि सहा इंची आठ तोफांच्या या नौकेला धुराडे मात्र एकच होते, कारण तिचे सर्व बॉयलर लगतच्या खणांत मांडून त्यांचा धूर एकाच वाटेने वर काढला होता. ही रचना दिसावयास देखणी. परंतु नेमक्या जागी बसलेल्या एकाच टॉर्पेडोने सगळी वाफ कोंडण्याचे भय तिच्यात होते, म्हणून पुढील सुधारित भगिनी-नौकांत यंत्रखाने विभागून दोन धुराडी देण्यात आली.

१३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘एजॅक्स’ व ‘एक्झेटर’ यांच्या जोडीने तिने जर्मन ‘ग्राफ श्पे’शी झुंज दिली. त्या वेळी तिच्यावर बहुसंख्य खलाशी न्यूझीलंडचे होते आणि कप्तान होते पॅरी; दैवयोग असा की, १९४८ मध्ये ही नौका हिंदुस्थान सरकारने विकत घेतली आणि त्याच साली आपल्या नौदलाचे सरसेनापती म्हणून हेच पॅरी आले. पुढे त्या लढाईवरील १९५६ च्या इंग्रजी चित्रपटात, आपल्या खलाशांच्या हाताखाली, तिने स्वतःचीच भूमिका वठवली, हा मानही तिचाच!

१९६१ च्या डिसेंबरात दीवच्या कारवाईत तिच्या तोफा धडाडल्या खऱ्या, परंतु माझ्या मते तिची मोठी चाकरी निराळी: तोफखाना, बाष्पयंत्रे आणि मोठ्या जहाजाचा दैनंदिन कारभार यांची तालीम आमच्या नवजात आरमाराने तिच्याच पाटावर घेतली, आणि उतारवयात तर ती उघडपणे प्रशिक्षणनौकाच झाली. ३० जून १९७८ रोजी ती सेवामुक्त झाली व मुंबईतच मोडीत निघाली. लढाऊ जहाज मोडीत गेले म्हणून हळहळणारांनी हे ध्यानी घ्यावे की, शेहेचाळीस वर्षे पाण्यात राहिलेल्या पोलादाला याहून अधिक काम सांगणे हा जुलूमच झाला असता.

तिचा एक तोफबुरूज ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर जतन केलेला आहे. ‘दिल्ली’ याच नावाची एक विनाशिका १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली. तिची बांधणी मात्र बर्कनहेडला नव्हे, मुंबईच्या माझगाव गोदीत झाली.